अस्सल ‘हेमी’ कशी ओळखाल?

१९७० ची डॉज चॅलेंजर किंवा प्लिमथ कुडा पारखताना:

● गाडीचा क्रमांक : डॅशबोर्डवर, चालकाच्या बाजूला, काचेतून दिसतो. पाचव्या जागी ‘आर’ हे अक्षर असेल, तरच गाडी ४२६ हेमी इंजिनासह कारखान्यातून निघाली.

● इंजिन, गिअरबॉक्स : दोन्हींवर त्याच क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो, तो जुळायलाच हवा. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख गाडीच्या बांधणीआधीची हवी.

● फेंडर टॅग : बॉनेटखालची छोटी पट्टी. तिच्यावर मूळ रंग, सीट आणि जादा सोयींचे संकेत.

● बिल्ड शीट : जोडणीच्या वेळचा कागद, अनेकदा सीटच्या स्प्रिंगांत सापडतो.

रंग, रबर नवे चालते. क्रमांक घासून नवा ठोकणे ही मात्र फसवणूकच!