कंबर धरली म्हणून वजन सोडू नका

कंबर धरली की घरात पहिला हुकूम सुटतो तो 'आता वजन उचलायचं नाही' हा. जिमचे पैसे भरलेले तसेच राहतात, पाण्याची बादली दुसरं कुणी उचलतं, बुटाची नाडीसुद्धा स्टुलावर बसून बांधली जाते. हे सगळं काळजीपोटीच होतं, पण महिने गेले तरी हुकूम मागे घेतला जात नाही आणि कंबर आणखी कमकुवत होत जाते. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत तिचा नंबर पहिला लागतो. म्हणून तिच्याभोवतीचे समज तपासून घेणं गरजेचं आहे.

'एमआरआयमध्ये गादी सरकलेली निघाली'

सगळ्यात जास्त भीती या एका कागदाने घातली आहे. एल४-एल५ला बल्ज, डिजनरेशन, नसेवर दाब, असे शब्द वाचले की पस्तिशीतला माणूसही स्वतःला म्हातारा समजू लागतो. मुळात मणक्यांमधली गादी वरच्या-खालच्या हाडांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकून बाजूला जात नाही. ती फुगते, किंवा तिचं बाहेरचं कडं फाटून आतला गर बाहेर येतो. आणि तसं झालं म्हणजे दुखेलच असंही नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांची तपासणी झालेले ३३ अभ्यास २०१५ मध्ये एकत्र मांडले गेले. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. पन्नाशीत हे प्रमाण ६० टक्के होतं आणि ऐंशीत ८४ टक्के. गादीची झीज तर विशीतही ३७ टक्के लोकांत दिसली. केस पिकतात तशी गादीही वयाबरोबर बदलते, दुखो वा न दुखो.

बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर हे उलट जास्त वेळा घडतं. रिपोर्ट खोटा नसतो, पण लक्षणांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

'पूर्ण विश्रांती घ्या'

हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं की सोसेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पडून राहणं हा उपाय नाही, आणि उसण भरलेल्या पहिल्या दिवसांत व्यायामाची घाईही नको. थोडं चालावं, कूस बदलत राहावं, घरातली हलकी कामं करावीत. वजनाचा विचार दुखणं ओसरू लागल्यावर.

'डेडलिफ्टने कंबर जाते'

भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो जागेवरून हलवतो, झोपलेलं मूल उचलतो, गव्हाचं पोतं सरकवतो, हे सगळं डेडलिफ्टच आहे, फक्त कुणी शिकवलेलं नसतं. जमिनीवरून वजन उचलणं आयुष्यातून वगळता येत नसेल, तर ते नीट शिकणं आणि त्यासाठी ताकद कमावणं हेच शहाणपणाचं.

शिकायला झाडूचा दांडा पुरतो. तो पाठीवर उभा धरावा, असा की डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकेल. गुडघे किंचित वाकवून नितंब मागे न्यावेत, मागच्या भिंतीला टेकवायचे आहेत असे, आणि धड पुढे झुकू द्यावं. दांडा एका जरी ठिकाणी सुटला तर वाक कमरेतून आला असं समजावं. मांडीच्या मागे ताण जाणवला की हालचाल बरोबर जमली. पाठ जराही वाकली की मोडते, अशी धास्ती मात्र घेऊ नये. दांडा हे शिकण्यापुरतं साधन आहे.

जुनं दुखणं असेल तर व्यायाम सोडण्याआधी तो बदलून पाहावा. बार जमिनीवरून न उचलता ठोकळ्यांवर, गुडघ्याच्या जरा खाली ठेवावा. खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना त्रास होत असेल तर डंबेल छातीशी धरून मारावी. वाकून रोइंग करताना एक हात बाकावर टेकवावा. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. आलं नाही तर व्यायाम तोच ठेवून वजन किंवा सेट कमी करावेत. पायात जाणारी कळ आणखी खाली उतरू लागली तर थांबावं. ती वर कमरेकडे सरकली तर ते चांगलं लक्षण मानतात.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात केलेली नाही, व्यायामाची केली आहे.

'या वयात, ठिसूळ हाडांनी?'

हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, कारण ज्यांना ताकदीची सर्वाधिक गरज त्यांनाच तो दूर ठेवतो. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार उचलण्याचे व्यायाम केले, तेही जड वजनाने. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची घटली. जड गटात इजा म्हणावी अशी एकच नोंद झाली, एकीची पाठ किंचित लचकली. पहिला महिना मात्र त्यांनी हलक्या वजनावर फक्त हालचाली शिकण्यात घालवला होता. ती पायरी गाळू नये.

काही लक्षणांत व्यायामाचा विचारही करू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली शक्ती कमी होत जाणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कळ असेल तर आधी तपासणी.

बाकीच्यांना डॉक्टरांनी 'वजन उचलू नका' सांगितलं, तर किती किलोपर्यंत चालेल, किती दिवस थांबायचं आणि पुन्हा सुरुवात कुणाच्या देखरेखीखाली करायची, हे तिथंच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.