वेतन व कामाच्या तासांतील कपात आणि कामगारांचे हक्क : कराड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कृष्णा व सह्याद्री हे सहकारी साखर कारखाने आणि तासवडे औद्योगिक वसाहत यांमुळे कराड तालुक्यात शेतीबरोबरच वेतनावर जगणारा वर्ग निर्माण झाला. मागणी घटली की कारखान्यातील पाळी बंद होणे, कामाचे दिवस कमी होणे किंवा पगार घटणे असे प्रसंग कोणत्याही कामगारावर येऊ शकतात. 'मालकाने ठरविले, आता इलाज नाही' अशी समजूत करून घेऊन कामगार गप्प बसला, तर हक्क असूनही तो वाया जातो. हे हक्क कोणते व त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईच्या कापड गिरण्यांत सातारा जिल्ह्यातील कामगार मोठ्या संख्येने होते. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. त्याविरुद्धचा संप कापडावरील अबकारी कर स्थगित होऊन कपात मागे घेतली गेल्यावर मिटला. पुढे १९३८ व १९४६ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यांनी बदलापूर्वी सूचना देण्याचे तत्त्व स्वीकारले. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये ते १९५६ च्या दुरुस्तीने कलम ९-अ म्हणून आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली असून तेच तत्त्व तिच्या कलम ४० मध्ये आहे.

बदलाची सूचना :
वेतन, भत्ते, कामाचे तास, विश्रांतीची वेळ व पाळ्या यांत कामगारांवर परिणाम करणारा बदल करावयाचा असल्यास मालकाने आधी सूचना दिली पाहिजे. सूचनेनंतर २१ दिवसांच्या आत तो बदल अमलात आणता येत नाही. करार किंवा निवाड्यानुसार होणारे बदल यास अपवाद आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सूचनेचा हक्क म्हणजे नकाराधिकार नव्हे. मुदत संपेपर्यंत कोणीच हरकत घेतली नाही, तर मालकाचा मार्ग सुकर होतो. उलट, या काळात संघटनेमार्फत विवाद उपस्थित होऊन समेट अधिकाऱ्यापुढे कार्यवाही सुरू झाल्यास, ती प्रलंबित असेपर्यंत विवादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नाहीत.

काम कमी दिल्यास :
किमान वेतनाचा दर दिवसावर ठरलेला असेल आणि कामगार तयार असूनही मालकाने कमी तास काम दिले, तर वेतन संहिता, २०१९ च्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे पूर्ण दिवसाचे वेतन देय होते. हजेरीपटावरील कामगार वेळेवर हजर राहूनही त्यास दोन तासांत काम न मिळाल्यास तो ले-ऑफ ठरतो. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई मिळते. बदली व नैमित्तिक कामगार यातून वगळले आहेत. ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यास ले-ऑफसाठी सामान्यतः शासनाची पूर्वपरवानगी लागते.

मर्यादा :
ले-ऑफच्या या तरतुदी हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना लागू नाहीत. आस्थापना हंगामी आहे किंवा नाही, याविषयी शासनाचा निर्णय अंतिम असतो. ऊस गाळपाच्या या पट्ट्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना मुख्यतः नेमणूकपत्रातील अटींचा आधार घ्यावा लागतो.

समारोप :
बेकायदेशीर कपातीची रक्कम वसूल करण्यासाठी वेतन संहितेनुसार तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. त्यासाठी नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या व हजेरीची नोंद जपून ठेवणे आवश्यक आहे. गिरणी कामगारांना कपातीविरुद्ध संपाखेरीज फारसा मार्ग नव्हता. आजच्या कामगाराच्या हाती २१ दिवसांची मुदत आहे. तिचा वेळीच व संघटितपणे उपयोग केला, तरच कायद्याचे संरक्षण प्रत्यक्षात उतरते.