मागची उजवी बाजू

सकाळी ७.३०
शटर वर गेलं की चहाच्या आधी टेप हातात. भांडुप पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत आमचं गॅरेज आहे आणि दाराशी २००९ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ रात्रभर उभी आहे. तिला कुणाचा हात लागण्याआधी चारही कोपरे मोजायचे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. कालचे आकडे खडूने भिंतीवर लिहिलेले आहेत. तीन कोपरे जागच्या जागी. मागचा उजवा साधारण चार सेंटीमीटर खाली.

हे कळलं, कारण काल संध्याकाळी एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला होता. गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगांवर उभी आहे. ही गाडी बंद असतानाही तिचं कंट्रोल युनिट काही तासांनी जागं होतं आणि एक कोपरा बसलेला दिसला तर बाकीचे त्याच्या पातळीला उतरवतं. फ्यूज तसाच राहिला असता तर सकाळी अख्खी गाडी बसलेली दिसली असती आणि हवा नेमकी कुठून जाते याचा पत्ताच लागला नसता.

८.३०
मुलुंडहून गाडीमालक काका रिक्षाने आले. खिशात दुसऱ्या एका वर्कशॉपचं एस्टिमेट, त्यात एकच ओळ : नवा कॉम्प्रेसर.

“काय रे, कॉम्प्रेसरच ना?”

“काका, आत्ताच नाही सांगत. संध्याकाळी फोन करतो.”

ते थोडे नाराज झाले. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून थेट कॉम्प्रेसर बदलणं मला पटत नाही. कुठेतरी हवा गळत असेल तर नवा कॉम्प्रेसरही ती भरत राहील आणि काही महिन्यांत तोही तापून बसेल.

९.१५
फ्यूज परत लावून स्कॅनर जोडला. बसलेला कोपरा कॉम्प्रेसरने उचलून घेतला. आता प्रत्येक चाकाजवळच्या हाइट सेन्सरचा आकडा टेपच्या मापाशी ताडून पाहायचा. सेन्सरची छोटी दांडी गंजली किंवा वाकली तर गाडी ठीक असूनही युनिटला ती वाकडी वाटते, आणि ते उगाच हवा भरत-सोडत राहतं. इथे आकडे जुळले. सेन्सर निर्दोष. फ्यूज पुन्हा बाहेर, कारण जॅकवर चाक लोंबकळलं की युनिटला गाडी फार उंच वाटते आणि ते हवा सोडू लागतं.

१०.३०
चासीखाली स्टँड लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी चाक आणि मडगार्डच्या मध्ये हात घालत नाही. नव्या पोऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो : हवेवर उभी गाडी कधीही खाली येऊ शकते. एअर बॅग फुटली किंवा पाइप निसटला तर हात काढायलाही वेळ मिळत नाही.

चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं लायनर काढलं. पाइप जिथे बॅगेत शिरतो त्या जोडावर साबणाचं पाणी. काही नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकवर, तिथेही काही नाही. मग पाइपवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेलो. मुंबईत हे टाळायचं नाही, इथले उंदीर वायर आणि पाइप दोन्ही कुरतडतात. पाइप शाबूत होता. बॅगेवरही बुडबुडा नाही.

बऱ्याच ठिकाणी शोध इथेच थांबतो आणि एस्टिमेटवर कॉम्प्रेसर येतो.

१.००
डबा.

२.००
चाक बसवलं, फ्यूज परत लावला, गाडी पिटवर घेतली आणि नेहमीच्या उंचीवर चारही चाकांवर उभी केली. लोंबकळलेल्या चाकाची बॅग ताणलेली असते. रबराची खालची घडी तेव्हा वेगळ्याच जागी असते. गाडी रोज ज्या उंचीवर चालते, तिथेच ती घडी वर्षानुवर्षं दुमडते, धूळ-वाळूही तिथेच साचते आणि चीर पडते तीही तिथेच. चाक लोंबकळलं की चीर घडीतून सरकते, मिटते आणि साबणाला दाद देत नाही. ही बॅग ॲल्युमिनियमच्या डब्यात असल्यामुळे वरून दिसतही नाही.

पिटमध्ये उतरून खालून फवारा मारला आणि टॉर्च धरून थांबलो. उजव्या बॅगेच्या घडीवर बारीक फेस जमू लागला. पुसला, पुन्हा मारला, पुन्हा त्याच जागी आला. पोऱ्याला खाली बोलावून दाखवला. एवढ्या वर्षांच्या रबराचं वय झालं आहे, दुसरं काही नाही.

४.००
कॉम्प्रेसरकडे वळलो. क्लॅम्प मीटर लावून गाडी खालच्या उंचीवरून वर घेतली. करंट ठीक, आवाजात खडखड नाही, पण वर यायला वेळ लागतो. हवा सोडायचा सायलेन्सर धुळीने चोंदलेला निघाला, तो साफ केला. ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे मात्र बदलावे लागतील. गाडी खाली येताना सुटणारी कोरडी हवा ड्रायरमधून उलटी जाते आणि दाण्यांतली ओल घेऊन बाहेर पडते. बॅग गळते तेव्हा ती हवा भलत्याच वाटेने जाते. दाणे ओलेच राहतात, वर कॉम्प्रेसर मुंबईची दमट हवा ओढतच असतो. पावसाळ्यात हीच ओल व्हॉल्व्हपर्यंत पोचते.

शिवनेरीसारख्या मोठ्या डिझेल बसलाही हवेच्याच बॅगा असतात, पण तिची हवा इंजिनावरच्या मोठ्या कॉम्प्रेसरकडून येते. इथे बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आहे. थोड्या वेळच्या कामासाठी बनवलेला. छोटं लिकेज त्याला हळूहळू मारतं.

५.३०
सोनापूर सिग्नलपासून खिंडीपाड्याच्या चढावर एक फेरी. खड्ड्यांत मागून ठोका नाही, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर अजून चालतील. थांबलो की मात्र कॉम्प्रेसर लगेच घुरघुरतो.

७.००
काकांना फोन. “कॉम्प्रेसर नको. मागच्या दोन्ही बॅगा नव्या, ड्रायरचे दाणे आणि एक रिले.” दोन्ही का, हे त्यांनी विचारलं. डावीही तितक्याच वयाची आहे आणि रिले चिकटला तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही, हे सांगितलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या बॅगा स्वस्त मिळतील का, असंही त्यांनी विचारलं. त्या आणू नका, त्याही अशाच एखाद्या जुन्या गाडीतून निघालेल्या असतात.

तुमची गाडी रात्रीत बसत असेल तर कॉम्प्रेसरचे पैसे देण्याआधी मेकॅनिकला एवढंच म्हणा : गाडी चाकांवर उभी असताना साबणाचं पाणी मारून मला बुडबुडे दाखवा.