बीडच्या थंडीत गुलाबाची सुगी

युरोपात डिसेंबरमध्ये गुलाबाचे झाड म्हणजे काटेरी काड्यांचा जुडगा असतो. पाने गळालेली, कळीचा पत्ता नाही. तिथल्या बागकामाच्या पुस्तकांत त्यामुळे हिवाळा हा गुलाबाच्या विश्रांतीचा काळ मानतात आणि छाटणी थंडी ओसरताना करायला सांगतात. हाच सल्ला मोबाइलवरून आपल्यापर्यंत पोहोचतो आणि बीड, अंबाजोगाई, परळीच्या अंगणातली झाडे फेब्रुवारीत छाटली जातात. नवी फूट येऊन कळ्या लागेपर्यंत ऊन तापायला लागते, आणि वर्षातला सर्वांत चांगला बहर हातचा जातो.

आपल्याकडे गुलाबाची खरी सुगी कार्तिकापासून माघापर्यंत असते. याचे एक कारण हवामानात आहे आणि दुसरे झाडाच्या जनुकात.

आधी हवामान पाहू. दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री १२ ते १५ अंश हे तापमान गुलाबाला मानवते. बालाघाटच्या रांगांवरचा हिवाळा बहुतेक दिवस याच्या आसपास असतो. पारा पाच अंशांजवळ गेला की गुलाबाची वाढ जवळपास थांबते. तशी थंडी आपल्याकडे क्वचितच पडते. शिवाय उजेड भरपूर. लंडनमध्ये डिसेंबरअखेरीचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, बीडमध्ये तो सुमारे अकरा तासांचा. पाने अन्न तयार करत राहतात आणि रात्रीच्या गारव्यामुळे ते कमी खर्च होते. कळी सावकाश पोसते. म्हणून थंडीतले फूल मोठे, जास्त पाकळ्यांचे आणि गडद रंगाचे येते. तेच झाड मे महिन्यात ४० अंशांना घाईने उमलते. फूल लहान, फिकट आणि दोन दिवसांत गळून जाणारे.

आता जनुकाचे कारण. जगातले बहुतेक रानटी गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात फुलतात. एक बहर झाला की त्यांच्यातले एक जनुक ब्रेक लावते आणि पुढची फूट नुसती पानांची येते. चीनमधल्या काही बागायती गुलाबांत मात्र डीएनएचा एक भटका तुकडा या जनुकात घुसला आणि ब्रेक निकामी झाला. त्या झाडांची प्रत्येक नवी फांदी टोकाला फूल घेऊनच येते. जपान आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे उलगडून दाखवले. चिनी लोक मात्र शेकडो वर्षांपासून या गुलाबाला ‘महिन्याच्या महिन्याला फुलणारा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही झाडे युरोपात पोहोचली. काही कलकत्त्यामार्गे गेली, म्हणून तिकडे त्यांना ‘बंगाल गुलाब’ असेही नाव पडले. तिथल्या गुलाबांशी त्यांचे संकर झाले आणि पुढे १८६७ मध्ये फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ ही प्रसिद्ध जात आली. आज महाराष्ट्रातल्या शेतात दिसणारा ‘ग्लॅडिएटर’ असो की रोपवाटिकेतला कलमी गुलाब, बारमाही फुलण्याचा गुण त्यांच्याकडे या चिनी पूर्वजांकडून आला आहे.

म्हणजे आपल्या झाडाला फुलायला थंडीची अडचण नाही. त्याला अडवते ते ऊन आणि पाण्याची टंचाई. डाळिंब किंवा मोसंबीचा बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. झाडाला विश्रांती कधी द्यायची आणि कधी जागे करायचे, हे इथे माणसाच्या हातात असते.

छाटणीसाठी पाऊस थांबल्यानंतरचा, ऑक्टोबरच्या मध्याचा काळ चांगला. आधी काही दिवस पाणी कमी करावे. मग वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढाव्यात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरपा काप घ्यावा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट खुंटाची असते, ती मुळापासून काढावी. शेणखत घालून पाणी सुरू केले की साधारण ४५ ते ५० दिवसांत फुले येतात, म्हणजे ऐन मार्गशीर्षात. तेव्हा अंबाजोगाईला योगेश्वरीची यात्रा असते, लग्नसराईही सुरू असते. दोन-चार गुंठ्यांत गुलाब लावणाऱ्याने निम्मी झाडे पंधरा दिवस उशिरा छाटली तर सगळा माल एकदम बाजारात येत नाही.

सुकलेले फूल झाडावर ठेवू नये. ते राहिले तर फळ धरते आणि झाडाचे अन्न बियांकडे जाते. पाच पर्णिकांच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत दांडी कापली की तिथून नवी फूट येते. थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर रोगट शेंडे काढावेत, झाडाला मोकळी हवा व पाच-सहा तास ऊन मिळेल असे पाहावे.

आरोग्याच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हार-गुच्छांसाठी पिकवलेल्या गुलाबांवर अनेकदा आंतरप्रवाही कीटकनाशके मारलेली असतात. ती पाकळीच्या आत मुरतात, धुऊन जात नाहीत. त्यामुळे बाजारातल्या फुलांचा गुलकंद करू नये. घरचा, न फवारलेला सुवासिक गावठी गुलाब वापरावा. दुसरे, गुलकंदात पाकळ्यांइतकी किंवा त्याहून जास्त साखर असते. मधुमेहींनी तो औषध समजून खाऊ नये. तिसरे, काटा रुतला तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. काही आठवड्यांनी तिथे गाठ आली आणि हातावर वर वर आणखी गाठी उठू लागल्या, तर डॉक्टरांना काटा लागल्याचे आवर्जून सांगावे. माती आणि झाडांवर राहणाऱ्या एका बुरशीमुळे असा आजार होतो आणि तो औषधाने बरा होतो.

होळीनंतर मात्र फुलांचा नाद सोडावा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे मे महिन्यातल्या फिकट फुलासाठी पाणी ओतणे परवडणारे नाही. कळ्या खुडाव्यात, बुंध्याभोवती पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन करावे आणि झाड जगेल एवढेच पाणी संध्याकाळी द्यावे. भाज्या धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. छाटणी मुळीच करू नये, कारण कोवळी फूट उन्हात करपते. आपल्या गुलाबाची विश्रांती हीच. ती नीट झाली की ऑक्टोबरमध्ये कात्री लावताच झाड पुन्हा जोमाने फुटते.