कातकाम: साठीनंतरचा उद्योग, शहापूर-मुरबाडच्या मातीत

फिरत्या लाकडाला पटाशी लावून गोलाई देणे म्हणजे कातकाम. लाटणे, ताकाची रवी, भोवरा, देव्हाऱ्याचे खांब ही सगळी कातीव कामे. ती करणारा तो कातारी. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या चितार आळीने हा वारसा जपला, आणि तिथल्या लाकडी हस्तकलेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहापूर-मुरबाडला तशी नावाजलेली पेठ नाही, रान मात्र आहे: साग, ऐन, शिवण, जांभूळ आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी ज्याची होतात तो काळा कुडा.

निवृत्तीनंतर हाती घ्यायला हे काम फार चांगले. रंधा मारताना दंडाला पडणारे कष्ट इथे मोटार सोसते. माणसाकडे उरते ती नजर आणि हाताची दिशा. अर्ध्या अश्वशक्तीचा टेबलावरचा लेथ पडवीत सहज बसतो. त्यावर दहा इंचांपर्यंतचा वाडगा निघतो आणि शिकाऊ माणसाला त्याहून मोठा लेथ लागत नाही.

लाकूड मिळवताना कायदा आधी पाहावा. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, आंबा, फणस, जांभूळ, मोह, चिंच ही झाडे आहेत. ती मालकीच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. राखीव रानातले लाकूड तर उचलूच नये.

या तालुक्यांतला धो धो पाऊस आणि त्यानंतरचा कोरडा उन्हाळा हीच कातकामाची खरी परीक्षा. ओले लाकूड वाढवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. म्हणून ओल्या ओंडक्याचा वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो, नाहीतर तडकतो. यावर जुना उपाय असा: ओला असतानाच वाडगा ओबडधोबड कातावा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवावी, टोकांना मेण लावून तो काही महिने सावलीत ठेवावा आणि पुरता वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवून अखेरचा आकार द्यावा. घाई केली की लाकूड वाया गेलेच.

शिकवताना लाटण्यापासून सुरुवात करावी, वाडगा मागाहून घ्यावा. त्याआधी धार लावणे शिकवावे. बोथट पटाशीने लाकूड फाटते आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलाच हात वाईट. नंतर धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर टेकवायचा, कापायचे नाही, नुसते घासू द्यायचे. मग मूठ हळूहळू वर उचलायची, की एका क्षणी भुसा थांबून लांब वळणदार साल सुटू लागते. हा क्षण हाताला सापडला की पुढचे सोपे. एका लेथवर दोघांहून जास्त शिकाऊ नकोत.

दहा इंची ओबड तुकडा मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या वर नेऊ नये. सैल बाही, ओढणी, लोंबते मंगळसूत्र नको, आणि चेहऱ्यावर ढाल हवीच. शिसवाच्या धुळीने अंगाला खाज सुटते आणि दमही लागू शकतो. मास्क टाळता कामा नये.

गावातल्या ज्या तरुणांना यावर पोट भरायचे आहे, त्यांना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेची माहिती करून द्यावी. अठरा व्यवसायांच्या यादीत सुतारकाम आणि खेळणी बनवणे दोन्ही आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते.