पुण्यात शांतपणे काम करायला बसायचं कुठे?



घरून व्यवसाय सुरू केला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. घरात ऑर्डर पूर्ण होतात, पण डोकं लावायचं काम होत नाही. कुकरच्या शिट्ट्या, मुलांची शाळेची घाई, आणि शेजारच्या काकू, "तू घरीच असतेस ना, माझं एक पार्सल घेऊन ठेव!"

मग मागे काय पडतं? कॉस्टिंग, उधारीचा हिशोब, कोटेशन. समजा, तुम्ही दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेता. दर ठरवताना तेल आणि भाजणी धरली, पण चार वेळा उठावं लागलं आणि गॅस, पॅकिंग, डिलिव्हरी धरायची राहिली. ऑर्डर भरपूर, गल्ल्यात काहीच नाही! म्हणजे आठवड्यातले शांत दोन-तीन तास ही चैन नाही. तुमचा नफा तिथेच ठरतो.

आधी काम ओळखा, मग जागा शोधा

सगळ्या कामांना चालेल अशी एक जागा शोधत बसू नका. कामाचे तीन ढीग करा.

१. वही-पेनाचं काम: कॉस्टिंग, पुढच्या तीन महिन्यांचं नियोजन, नवीन प्रॉडक्टचा विचार. याला इंटरनेट लागत नाही, उलट नसलेलंच बरं. इथे ग्रंथालय उत्तम. बुधवार पेठेतलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे, लोकहितवादींच्या काळातलं. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: सभासद व्हावं लागतं का, स्वतःची वही-पुस्तकं घेऊन बसता येतं का, आणि सुट्टी कधी असते. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असाल, तर तिथल्या जयकर ग्रंथालयाचे नियमही विचारून घ्या.

नुसता विचार करायचा असेल तर सकाळी हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडी गाठा, खिशात छोटी डायरी ठेवा. बागेचा बेत असेल तर वेळ बघा, कारण महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात.

२. लॅपटॉपचं काम: बिलं, जीएसटीची माहिती भरणं, कॅटलॉग. यासाठी पुण्यात एक स्वस्त सोय आहे, ती म्हणजे अभ्यासिका. सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांमुळे गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत. महिन्याची फी भरली की टेबल, खुर्ची, लाइट आणि शांतता मिळते. पण ही जागा मुलांची आहे हे विसरू नका. पैसे भरण्याआधी स्पष्ट विचारा: "मी विद्यार्थी नाही, चालेल का? लॅपटॉपवर टायपिंग केलेलं चालेल का? प्लग मिळेल का? एक दिवस बसून बघू का?" फोन आला तर बाहेर जाऊन बोला. पेनड्राइव्ह, चार्जर, पाण्याची बाटली घरूनच न्या.

३. बोलायचं काम: ग्राहकाशी मीटिंग, सप्लायरशी भावाची बोलणी, व्हिडिओ कॉल. अभ्यासिका किंवा ग्रंथालयात हे अजिबात चालणार नाही. इथे को-वर्किंगची जागा घ्या. बाणेर, बालेवाडी, विमाननगर, कोरेगाव पार्क भागात त्या भरपूर आहेत. अनेक ठिकाणी एका दिवसाचा पास आणि तासावर मीटिंग रूम मिळते, महिन्याचं भाडं भरायलाच हवं असं नाही. आणि वैशाली किंवा गुडलक? ओळखीच्या गप्पांना झकास. पण बाहेर लोक टेबलासाठी थांबलेले असताना आत लॅपटॉप उघडून बसणं बरं दिसत नाही.

खर्च तासावर मोजा

समजा, को-वर्किंगचा पास ३०० रुपये आणि तुम्ही सहा तास काम केलं, तर तासाला ५० रुपये. कॅफेत दोन कॉफी आणि सँडविचचे ३०० झाले आणि काम दोन तास, तर तासाला १५० रुपये! "कॅफे फुकट असतो" हा गैरसमज इथेच संपतो. यात जाण्यायेण्याचा वेळ आणि पेट्रोलही धरा. कोथरूड किंवा पिंपरीहून येणार असाल तर मेट्रोचा विचार करा, पेठेत पार्किंग शोधण्यातच अर्धा तास जातो.

आणखी तीन गोष्टी

- मोफत वायफायवर बँकेचे व्यवहार करू नका. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा.
- बसायची जागा आणि व्यवसायाचा नोंदणीचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासिकेची पावती दाखवून जीएसटी नोंदणी होत नाही. घराचा पत्ता देता येतो. घर आई-वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र आणि वीजबिलासारखा पुरावा लागतो.
- पुण्याचं कॅलेंडर लक्षात ठेवा. गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो, आणि गणपतीत पेठेतले रस्ते बंद होतात. त्या दिवसांत सकाळची वेळ धरा किंवा उपनगरात जागा बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

आज रात्री रखडलेली कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे १, २ किंवा ३ टाका. ज्या आकड्याची कामं जास्त, त्या प्रकारची एक जागा घरापासून अर्ध्या तासाच्या आत शोधा. आठवड्यातला एक वार आणि तीन तास ठरवा, आणि घरच्यांना सांगताना "जरा बाहेर जाऊन येते" म्हणू नका. "कामाला जातेय" म्हणा. तुम्हीच त्याला काम म्हटलं नाही, तर घरचे तरी का म्हणतील?

पहिल्या तीन तासांत एकच काम करा: तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूचं कॉस्टिंग. गॅस, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी धरून!