आधी धान वाळवा, मग टोकन घ्या

छत्तीसगडमध्ये किमान आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी ‘टोकन तुंहर हाथ’ हे मोबाईल अ‍ॅप उपलब्ध आहे. छत्तीसगढी बोलीतील या नावाचा अर्थ ‘टोकन तुमच्या हाती’. रायपूर परिसरातील नोंदणीकृत शेतकरी विक्रीचा दिवस घरबसल्या ठरवू शकतो. टोकनासाठी सोसायटीत रांग लावावी लागत नाही. मात्र प्रत्येक शेतकऱ्यास मोजकीच टोकने मिळतात. धानातील ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असल्यास माल नाकारला जातो आणि ठरलेला दिवस हुकतो. म्हणून धान नीट वाळवावे, आर्द्रतामापकाने तपासावे आणि मगच दिवस निवडावा. स्मार्टफोन नसलेल्यांना सोसायटीतूनही टोकन मिळते; विस्तार कार्यकर्त्यांनी ही माहिती अशा कुटुंबांपर्यंत आवर्जून पोहोचवावी.